जाहीर केलेली यापा

पेरू देशातल्या आरेकिपाच्या आमच्या बाजारात ज्यूसच्या गाळ्यांची एक सबंध रांग आहे. बावीस बायका, बावीस मिक्सर आणि बावीस जणींकडे तीच पपई. अशा ठिकाणी धंदा कशावर चालतो, यावर म्हणे विद्यापीठात व्याख्यानं होतात. चौदा नंबरच्या निकोलासा तिकोना यांना हा प्रश्न एकतीस वर्षांत पडला नाही. त्या उभ्या राहिल्या, लोक येत राहिले.

रांगेचा एक नियम आहे. माणूस आपल्या गाळ्यापुढच्या फरशीवर असेल तोवरच त्याला हाक मारायची, आणि तीही एकदाच. पुढच्या फरशीवर पाय पडला की तो शेजारणीचा. दुसऱ्यांदा हाक मारणारीला 'माशी' म्हणतात, आणि ते नाव तिला मरेपर्यंत चिकटतं.

दुसरी गोष्ट यापाची. ग्लास भरल्यावर मिक्सरच्या भांड्यात दोन बोटं ज्यूस उरतो. तो मुद्दामच उरवलेला असतो. गिऱ्हाईक ग्लास संपवून पुढे सरकवतं आणि म्हणतं, "यापा, कासेरिता." नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीची दुकानवाली, दोघं एकमेकांना 'कासेरिता'च म्हणतात. निकोलासा भुवया उंचावतात, जणू आजवर असं कोणी मागितलंच नव्हतं, आणि उरलेलं ओततात. यापा मागावी लागते, आणि मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं. हे नाटक दोन्ही बाजू रोज मन लावून करतात.

गेल्या वर्षी बाजाराच्या दारासमोर काचेचं, थंडगार ज्यूसचं दुकान उघडलं आणि रांगेतली गर्दी ओसरू लागली. बाजार समितीच्या चिटणिसांनी निकोलासाबाईंना सांगितलं, "ऑगस्टपर्यंत बाकावर माणसं दिसली नाहीत, तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जाईल." बाकावर तेव्हा मी एकटा होतो. मी मोजण्यात आलो नाही.

अशा वेळी घरात जावई असतोच. विल्बरनं तीन शनिवारांचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला होता आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतलं होतं.

"सासूबाई, तुम्ही खजिन्यावर बसून पपई कापताय," तो म्हणाला.

खजिना म्हणजे त्यांचा फोन. लोक आधी सांगून ज्यूस मागवत, म्हणून त्यात चारशे बारा नंबर होते. नावानं नव्हे, ज्यूसनं: 'बीट बिनसाखर', 'पपई बँकवाला', 'स्पेशल दोन अंडी' (आमच्याकडे ज्यूसमध्ये अंडीही फेटतात). मी 'अननस, बोलत नाही' या नावानं होतो.

विल्बरनं सगळ्यांना एका ग्रुपमध्ये कोंबलं. सकाळी फुलं आणि सूर्य, दुपारी ऑफर, संध्याकाळी जीवनसत्त्वं. चौथ्या दिवशी त्यानं कळस चढवला: "आज डबल यापा! सर्वांना! मागायचीही गरज नाही!!!"

त्यानंतर ग्रुपवर नुसती 'अमुक बाहेर पडले' अशी रांग लागली. वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान तसं दिसतं.

"ही नैसर्गिक गळती आहे," विल्बर म्हणाला. "उरले ते खरे."

"उरले ते, ज्यांना बाहेर कसं पडायचं ते ठाऊक नाही," निकोलासा म्हणाल्या.

तरी त्यांनी ते चालू दिलं. प्रमाणपत्रापुढे माणूस जरा दबतोच. पण 'संत्रं गाजर शिंपीण', म्हणजे झोराइदा, नऊ दिवस फिरकली नाही. बारा वर्षांत ती फक्त बाळंतपणाला चुकली होती. निकोलासा अॅप्रन शिवायचं निमित्त घेऊन तिच्या दुकानात गेल्या. झोराइदानं शिलाई मशीनवरून मान वर केली नाही.

"रागावलीस, कासेरिता?"

"मी कशाला रागावू? मी आपली चारशे बारातली एक."

"अगं, ते जावयानं केलं."

"हाक तुझ्या नावानं आली. दिवसातून तीनदा. रांगेत कुणी असं केलं असतं, तर काय म्हटलं असतंस तिला?"

निकोलासांनी अॅप्रनची घडी घातली. "माशी," त्या म्हणाल्या.

"आणि यापा! मी मागायची, तू द्यायचीस. आता ज्यानं तुझं तोंडही पाहिलं नाही, त्याला ती घरबसल्या मंजूर. मग मी काय मागू गं? अॅप्रन ठेव तिथे. सवड झाली की बघीन."

त्या परतल्या आणि त्यांनी विल्बरपुढे हात पसरला. "फोन."

"देतो. पण आधी माफीचा एक सुंदर मेसेज टाकू. सगळ्यांना. फुलासकट."

"म्हणजे माशीनं पुन्हा नाकावर बसून सांगायचं, की यापुढे बसणार नाही?"

ग्रुप बंद झाला. त्यानंतर फोनही रांगेच्या नियमानं चालू लागला. जो विचारील त्याला त्याच सकाळी उत्तर, न विचारणाऱ्याला शांतता. एका वकीलसाहेबांनी मे महिन्यात लुकुमा विचारला होता. जूनमध्ये चांगली फळं आली तेव्हा त्यांना, एकट्यांना, आवाजी निरोप गेला, मागे मिक्सर घरघरत होता: "वकीलसाहेब, लुकुमा आलाय. तुम्ही विचारलं होतं. गुरुवारपर्यंत टिकेल." उत्तर आलं नाही, दुसरा निरोप गेला नाही. बुधवारी वकीलसाहेब दोन सहकाऱ्यांना घेऊन बाकावर हजर.

विल्बरनं काढलेलं फेसबुकचं पान तेवढं राहिलं. त्यावर आज कुठली फळं आहेत एवढंच, आणि एक फोटो, ज्यात फळाइतकाच निकोलासांचा अंगठा दिसे. तिथे कुणीतरी लिहिलं, संत्र्याचा ज्यूस पाणचट होता. विल्बर म्हणाला, पुसून टाका. त्यांनी लिहिलं, "मंगळवारची संत्री खरंच पाणचट होती. या, दुसरा देते." तो माणूस आला. ते वाचून आणखी सहा आले, पाणचट ज्यूसची कबुली देणारी बाई बघायला.

झोराइदाला मात्र त्यांनी काही पाठवलं नाही. जुलैत तिचाच निरोप आला: "अॅप्रन तयार." निकोलासांनी कळवलं, "गाजरं गोड आहेत." दुसऱ्या दिवशी झोराइदा आली, बसली, प्याली आणि रिकामा ग्लास समोर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. निकोलासांनी भांड्याला हात लावला नाही. बाकावरची आम्ही चार माणसं आपापले ग्लास तसेच धरून बघत होतो.

"यापा, कासेरिता," झोराइदा अखेर म्हणाली.

"मागायची हौस काही जात नाही तुझी," निकोलासांनी भुवया उंचावल्या आणि ओतलं. दोन बोटांपेक्षा बरंच जास्त होतं.

ऑगस्टमध्ये चिटणीस गाळा मोजायला मोजपट्टी घेऊन आले. बाकावर सात जण, मागे तीन उभे. पट्टी टेकवायला जागा नव्हती. निकोलासांनी त्यांना एकदा, फक्त एकदा, हाक मारली. चिटणिसांनी दोन अंड्यांचा स्पेशल घेतला, ग्लास संपवला आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "यापा?"

"पहिल्याच दिवशी?" झोराइदा म्हणाली.

"मागितलीय ना," निकोलासा म्हणाल्या, आणि ओतली.

गाळा राहिला. विल्बर आता समोरच्या काचेच्या दुकानात प्रचार सांभाळतो आणि सासूबाईंना दिवसातून तीन ऑफर पाठवतो. त्यांनी त्याला ब्लॉक केलेलं नाही. घरचा माणूस आहे.