अलिप्त अमेरिका

दोन हजार तीनच्या वसंतात बर्मिंगहॅमच्या आमच्या घरात टीव्हीवर इराकचं युद्ध आणि जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा इतिहास, असा दुहेरी मारा चालू होता. मुलगी सोळाची. एकेकाळी आपल्यापुरतं बघणारी अमेरिका युद्धं करत करत जगाचा दादा कशी झाली, यावर तिला वर्गात दहा मिनिटं बोलायचं होतं. ते चांगलं झालं तरच बाई तिला ए-लेव्हलला, म्हणजे इंग्लंडातल्या अकरावी-बारावीला, हिस्ट्री देणार होत्या. आणि तिला हिस्ट्रीच हवी होती.

मला नको होती. मी भूल देणारा डॉक्टर. ओळखीतल्या यच्चयावत मराठी मुलांनी केमिस्ट्री घेतलेली. सनावळ्या पाठ करून पोट कोण भरतं, असं मी जेवताना दोन-तीनदा ऐकवलंही होतं. तरी तिनं मदत मागितली तेव्हा मी हुरळलो. हल्ली ती माझ्याकडे काही मागायला येतच नसे.

‘आयसोलेशनिझम’ म्हणजे नेमकं काय, तिनं विचारलं. मी साताऱ्यात मराठी माध्यमात शिकलेलो. शब्द लगेच आठवला: अलिप्ततावाद. त्याच्यामागून शाळेतला अख्खा धडाच धावत आला. कुठल्याच गटात शिरायचं नाही, दोन्ही महासत्तांपासून सारखं अंतर, नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांची एकजूट. मी तासभर बोललो आणि ती भराभर लिहून घेत होती. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलेलं नव्हतं. माझे पेशंट तर दहा आकडे मोजायच्या आत झोपतात.

घोळ असा, की तो धडा भारताचा होता. पहिलं महायुद्ध आटोपून घरी परतलेली, पर्ल हार्बरवर बॉम्ब पडल्यावर पुन्हा बाहेर पडलेली आणि मग जगभर तळ ठोकून बसलेली अमेरिका त्यात कुठेच नव्हती. मुलीनं मात्र वर्गात ठणकावून सांगितलं की तीसच्या दशकातली अमेरिका नॉन-अलाइन्ड होती, भारतासारखी, दोन्ही महासत्तांपासून सारखं अंतर राखून. मग तेव्हा त्या दोन महासत्ता कोणत्या, असं बाईंनी शांतपणे विचारलं. वर्ग हसला. गुरुवारी पुन्हा बोल, मग बघू, असं बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर ब्लेझरही न काढता ती माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, तुम्ही मुद्दाम केलं? मला हिस्ट्री मिळू नये म्हणून?”

आयसोलेशनिझम आणि नॉन-अलाइनमेंट या दोन्ही गोष्टींना मी एकच शब्द वापरला आणि भलत्याच देशात जाऊन पोचलो, हे मी तिला समजावलं. तिला ते पटलंही. तिथंच थांबायला हवं होतं.

“मुद्दाम नाही केलं,” मी म्हणालो. “पण तुझं बिघडलं तर बरं, असं मनात आलं होतं.”

ती वर निघून गेली. मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

पुढची तयारी तिनं एकटीनं केली. आईसमोर बोलून बघायची, आणि मी खोलीत आलो की थांबायची.

गुरुवारी ती आली तेव्हा घरात मी एकटाच होतो.

“मिळाली हिस्ट्री,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत, “तुम्हाला वाईट वाटलं?”

“थोडं,” मी म्हणालो.

ती शेजारची खुर्ची ओढून बसली आणि वर्गात काय काय बोलली ते पहिल्यापासून सांगू लागली. मी मध्ये एकदाही बोललो नाही.