पडद्यामागच्या बाहुल्या

दुपारचे डोळे जडावलेत. प्रयोगशाळेला आज सुट्टी, बाळं नाहीत, म्हणून रेवती खेळाच्या चटईवरच आडवी झालीय. वीस वर्षं तिने पेपरात विज्ञानाच्या बातम्या लिहिल्या. मग वर्षभराची रजा टाकून ती इथे आली, तान्ह्या मुलांना काय काय कळतं ते शोधायला. आता परतायचं की राजीनामा द्यायचा, हे संध्याकाळपर्यंत पेपरला कळवायचंय. जीव थाऱ्यावर नाही.

चटईच्या कडेला बातमीदारांची टेबलं लागलेली आहेत. समोर कोरगावकर साहेब उभे, तिला बोटाला धरून बातमीदारी शिकवणारे, गेल्या वर्षी गेलेले.

"काय गं, तान्ह्या पोरांत रमलीस म्हणे? बातमी सोडलीस?"

"सोडली नाही हो, साहेब." त्यांना काय वाटलं असतं, इथेच तर तिचं घोडं अडलंय.

"नुसतं सांगू नकोस. पुरावा दाखव की."

साहेब पांढऱ्या मिशांसकट तिच्या मांडीवर बसलेत, आठ महिन्यांच्या बाळाएवढे हलके. समोर प्रयोगाचा छोटा पडदा. नियमाप्रमाणे ती स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधते.

"हे आणि कशाला?"

"आईला दिसलं, की तिच्या अंगावरून बाळाला कळतं. म्हणून आईने बघायचं नाही."

"बरोबर आहे. साक्षीदाराला पढवायचं नाही." साहेब खूश.

"एक बाहुली पडद्यामागं गेली," ते पुटपुटतात. "आणखी एक गेली." पडदा सरकल्याचा आवाज येतो आणि साहेबांचा श्वासच थांबतो.

"तीन! अगं, तीन कशा?"

"बोलता न येणारं बाळही इथेच टक लावून बसतं, साहेब. हिशेब चुकला की नजर हटत नाही."

रेवतीच्या अंगावर काटा येतो. कुठल्याही बातमीने कधी न हललेला हा माणूस तिच्या मांडीवर थिजून बसलाय!

"म्हणजे बोलायच्या आधीच हे पोर विचारतंय, पुरावा कुठाय?" त्यांचा आवाज अगदी बारीक झालाय.

"हो, साहेब."

"मग तू बातमीच्या उगमापाशीच पोचलीस की गं. मागं फिरू नकोस."

रेवती जागी होते. ऊन भिंतीवर चढलंय. मांड्यांना मुंग्या आल्यात, आणि डाव्या मनगटावर लाळेचा ओला, काळपट डाग आहे. नाकाशी नेला तर तपकिरीचा झणझणीत वास. तपकीर ओढणारा तिच्या ओळखीत एकच माणूस होता.

तो हात न पुसता, दुसऱ्या हाताने ती फोन उचलते. "मी इथेच राहतेय," ती पेपरला सांगते, "बातम्या इथूनच पाठवत जाईन."