ज्योतीची शेवटची पट्टी

आमच्या लॅबमध्ये माणसं कमी, मशिनं जुनी आणि डोकं शांत असलेलं कोणीच नाही. किस्से साचायला आणखी काय लागतं?

आमची ज्योती ॲल्युमिनियमवर पीएचडी करते. तिचं म्हणणं एवढंच, की धातूच्या आतले कण खूप बारीक केले आणि तो तापवून हळूहळू ओढला, तर न तुटता कितीतरी पट लांबतो. हे पट्टी ओढून दाखवलं तर थिसिस, नाही तर पुन्हा पहिल्यापासून!

*

कण बारीक करायचे म्हणजे कांडी वाकड्या भोकातून दाबून काढायची, पुन्हा पुन्हा. सोयगावहून आलेले तिचे वडील, आण्णा, दिवसभर ते बघत बसले. संध्याकाळी म्हणाले, "जेवढी आत घातली तेवढीच भाईर आली की! मंग तू केलं काय?"

*

मग आण्णांना मायक्रोस्कोप दाखवला.

"काय बी दिसंना, बाई."

"कण इतके बारीक झाले की ह्यात दिसतच नाहीत. म्हणजे जमलं, आण्णा!"

आण्णा हळूच माझ्याकडे वळले. "पोरीचं बरं हाय ना?"

मी 'हो' म्हणालो. पण खात्री मलाही नव्हती.

*

त्या कांडीतून कापलेली पट्टी जास्त वेळ तापली की कण परत मोठे होतात. सरांच्या वाढदिवसाचा केक कापायला सगळे गेलो आणि भट्टी विसरलो! त्यातल्या पट्ट्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या, तर कण अगदी स्पष्ट. ज्योती रडायला लागली आणि मी शेजारून म्हणालो, "वा, काय छान दिसतायत!"

बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भट्टीबाहेर राहिलेली एकच पट्टी उरली होती.

*

ओढायचं मशीन शेखभाईंकडे. बिल्डर लोकांच्या सळया ओढून तपासण्यात, म्हणजे तोडण्यात, त्यांची हयात गेली. सळई धाडकन तुटली की ते समाधानाने चहा मागवतात.

ज्योतीची शेवटची पट्टी लावली, भोवती भट्टी बसवली. सकाळ गेली, दुपार गेली, आवाज नाही. शेखभाई कासावीस.

"टूटती कब ये?"

"तुटायला नकोय, शेखभाई!"

"फिर खींचरे कायकू?"

तेवढ्यात खट्कन मशीन थांबलं. "तुटली!" ज्योती ओरडली. मी भट्टी उघडली. पट्टी शेवईसारखी लांब, बारीक आणि अखंड! मशीनचा जबडाच पार वर जाऊन टेकला होता, आणखी ओढायला जागा नव्हती.

सरांचा फोन आला. ज्योती पट्टीची लांबी मोजण्यात गुंग होती, म्हणून शेखभाईंनी घाबरत घेतला.

"तुटली का?"

"पट्टी कू कुछ नै हुआ, सर. मशीनच खतम हो गई!"