लबीब किलादाची सिका

पेन्सिलीला तो दाढीच्या पात्यानं टोक काढायचा. टोकयंत्र त्याला चालत नसे.

टॅक्सीत बसताच रेडिओ बंद करायला सांगायचा. चालकानं कारण विचारलं तर म्हणायचा, "मी कामावर आहे, बाबा."

चहात चार चमचे साखर घालायचा आणि ढवळायचा नाही. तळाची साखर शेवटी चमच्यानं खायचा.

लग्नात बँडपासून सगळ्यात लांबचं टेबल मागून घ्यायचा. तिथूनही कोणता व्हायोलिनवाला घसरतोय ते बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "लबीब, जेव."

फोनवर कुणी नवी चाल गुणगुणून दाखवली की ती कुठून उचलली आहे ते तिथल्या तिथे सांगायचा. त्यापायी बरीच कामं हातची गेली.

वादकांना द्यायच्या कागदावर तो वाद्याचं नाव लिहीत नसे. माणसाचं लिहायचा. 'पहिलं व्हायोलिन' नाही, 'बयूमी'. बयूमीचा उजवा खांदा दुखायला लागल्यापासून त्याच्या कागदावर लांब गज ओढायच्या जागा कमी झाल्या. बयूमीला हे सहा वर्षांनी कळलं.

कैरोत गाणी बांधणाऱ्या लोकांत लबीब किलादा हे नाव सगळ्यांना माहीत होतं. कैरोबाहेर ते कुणालाच माहीत नव्हतं. एक्केचाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या चालींवर वाद्यमेळ लिहिला. लोक यायचे ते अर्ध्या मिनिटाची चाल घेऊन. कुणी टेबलावर बोटं आपटत म्हणून दाखवायचं, कुणी कॅसेट आणायचं, पुढे कुणी फोनवरून पाठवायचं. शुब्रा वस्तीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून लबीब त्याचं सहा मिनिटांचं गाणं करायचा. गाण्याची सुरुवात त्याची. दोन ओळींमधले वाद्यांचे तुकडे त्याचे. लोक गल्लीत शीळ घालायचे ते बहुतेक वेळा हेच तुकडे. कव्हरवर संगीतकाराचं नाव ठळक यायचं. लबीबचं नाव औषधाच्या बाटलीवर मुदत संपायची तारीख लिहितात तेवढ्या अक्षरांत यायचं, तेही आलं तर.

त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही. नव्या कॅसेटचं कव्हर मात्र भिंगाखाली धरून वाचायचा.

त्रेसष्टाव्या वर्षी नाएल नावाच्या निर्मात्यानं त्याला बोलावलं. नाएल पस्तिशीचा. त्याच्या कचेरीत सगळं काचेचं होतं, टेबलसुद्धा.

"उस्ताद, या रमजानला आपली तीस भागांची मालिका येतेय. संगीत तुम्ही करायचं."

"चाल कुणाची?"

"तुमचीच. सगळं तुमचंच. पडद्यावर एकट्याचं नाव."

नाएलला वाटलं, म्हातारा विचार करतोय. म्हातारा टेबलाच्या काचेखाली स्वतःचा गुडघा घट्ट धरून बसला होता.

"एकच गोष्ट, उस्ताद. वाजवणार इथले नाहीत. तिकडे उत्तरेत एक वाद्यवृंद आहे, चाळीस जणांचा. कागद पाठवायचे, पडद्यावर बघत बसायचं, तीन तासांत काम संपलं. आपली मंडळी कशी आहेत तुम्हाला माहीतच आहे. एकाची गाडी बंद पडते, दुसऱ्याची सासू मरते."

"बयूमीची सासू एकदाच मेली," लबीब म्हणाला.

नाएल हसला. लबीब हसला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

हे लिहायलाच हवं. तो नाही म्हणाला नाही.

बातमी पोचायला दोन दिवस लागले. स्टुडिओखालच्या चहाच्या दुकानात बयूमी त्याची वाट बघत बसला होता. एकोणीस तंतुवाद्यवाल्यांच्या टोळीचा तो म्होरक्या. तीस वर्षं लबीबचा प्रत्येक कागद आधी त्याच्या हातात पडलेला.

"बाहेरचे वाजवताहेत म्हणे."

"हो."

"चांगले आहेत?"

"वेळेवर येतात म्हणे."

"मग आपल्यातला कुणी नको, बरोबरच आहे." बयूमीनं खांदा चोळला. "सिका आहे का चालीत?"

"सगळी चाल सिकेवरच उभी आहे."

सिका म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध बसणारा स्वर. कैरोत भाजीवाल्याच्या आरोळीतही तो असतो. उत्तरेतल्या वाद्यवृंदांच्या कागदावर त्याला चिन्हच नाही.

"मग ती कोण वाजवणार? माझी आजी?"

"मी वाजवून घेईन."

"घेशील, घेशील." बयूमीनं साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "एकोणीस माणसं घरी बसली, एक नाव वर आलं. बरा सौदा आहे, लबीब."

लबीबनं त्या दिवशी साखर घातली नाही. तळाशी काही उरू नये अशा बेतानं चहा भराभर पिऊन तो उठला.

मग तो अकरा दिवस टेबलावरून हलला नाही. बयूमीच्या टोमण्याचं त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ते कागदावरच देता येत होतं. त्यानं व्हायोलिनांचे दोन गट केले. पहिल्या गटानं नेहमीसारखं लावायचं. दुसऱ्या गटानं चारही तारा पाव सुरानं उतरवून घ्यायच्या. मग दुसऱ्या गटातल्या माणसानं समोर दिसतो तो साधा गंधार वाजवायचा, आणि ऐकू यायची सिका. वाजवणाऱ्याला तिच्याबद्दल काही ठाऊक असायची गरज नाही. चाल एका गटाकडून दुसऱ्याकडे अशी विणायची की ऐकणाऱ्याला एकच हात वाजवतोय असं वाटावं. शीर्षकाची चाल अशी लिहिली. भागांत पेरायचे चव्वेचाळीस तुकडे असेच लिहिले. कागदांवर या खेपेला माणसांची नावं नव्हती. नुसते आकडे होते. एवलीन, त्याची बायको, टेबलाच्या कोपऱ्यावर ताट ठेवून जायची आणि बऱ्याच वेळानं ते तसंच उचलायची.

ध्वनिमुद्रणाच्या सकाळी तो नाएलच्या कचेरीत पडद्यासमोर बसला. पडद्यावर चाळीस गोरी माणसं स्वेटर घालून बसली होती. पहिल्या वीस मात्रांनंतर त्यांचा संचालक थांबला. दुभाष्यानं विचारलं, "दुसरी व्हायोलिनं उतरलेली वाटतात. असंच हवं आहे का?"

"असंच हवं आहे."

"नक्की?"

"त्यांना सांग, माझ्या आईला विचारा हवं तर. तिनं अंगाई याच सुरात म्हटली होती."

दुभाष्यानं यातलं किती सांगितलं कोण जाणे. ते पुन्हा वाजवू लागले. आणि सिका आली. शुब्र्याची, भाजीवाल्याची, चर्चमधल्या आंधळ्या गायकाची सिका, चाळीस परक्या माणसांच्या हातून. त्यांच्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. लबीब एकच शब्द बोलला.

"बरोबर."

घरी जाताना त्यानं टॅक्सीवाल्याला रेडिओ बंद करायला सांगितलं नाही. एवलीननं हे सगळ्यांना सांगितलं.

त्या वर्षी रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास एकाच आठवड्यात सुरू झाले. खालच्या मजल्यावरची मंडळी सूर्य मावळल्यावर जेवायला बसली. लबीब आणि एवलीन आपल्या उपासाची तेलातली मसूर घेऊन बसले. टीव्ही लावला. शीर्षक सुरू झालं. नाव आलं. एकट्याचं, पडदाभर. एवलीननं चमचा खाली ठेवला आणि टाळी वाजवली.

लबीब उभा राहिला होता.

ती सिका नव्हती. शुद्ध गंधार होता. लख्ख, धुतलेला, हॉटेलातल्या लिफ्टमध्ये वाजतो तसा. चालीतला कणा काढून तिथे काठी बसवली होती.

सकाळी तो नाएलकडे गेला. नाएलनं तिकडे फोन लावला, ऐकलं, हसला आणि फोन ठेवला.

"उस्ताद, आवाजांचं शेवटचं मिश्रण तिकडे दुसऱ्याच माणसानं केलं. त्याला वाटलं दुसरी व्हायोलिनं चुकून उतरलेली राहिली. त्यानं यंत्रावर सगळा गट पाव सुरानं वर उचलला. फुकटात केलंय, बरं का. बिलात लावलंसुद्धा नाही."

"खाली आणायला सांग."

"आता?"

"दहा मिनिटांचं काम आहे. जसा वर उचलला तसा खाली ठेवायचा."

"उस्ताद, तीसही भागांना शीर्षक जोडून झालं. तुकडे जोडून झाले. चॅनेल आता मला एक सेकंद बदलू देत नाही."

ही थाप होती. मालिकेच्या शेवटच्या दहा भागांचं संकलनही तेव्हा राहिलं होतं. कचेरीतल्या चहावालीलाही ते माहीत होतं. दहा मिनिटं. कोणाला ती देता आली नाहीत, कारण कोणाला ऐकूच आलं नव्हतं.

"आणि लोकांना आवडलंय," नाएल म्हणाला. "मुलं शीळ घालताहेत."

घालत होती. खालच्या गल्लीत, रिक्षांच्या भोंग्यांवर, वाण्याच्या दुकानात. शुद्ध गंधार. एका आठवड्यात अख्खं शुब्रा चुकीचं गुणगुणायला लागलं. वाणी वरून दोरीनं सोडलेल्या टोपलीत पाव ठेवता ठेवता वर बघून अभिनंदन म्हणून ओरडायचा, "मबरूक, उस्ताद!" लबीब टोपली ओढून घ्यायचा आणि खिडकी लावायचा.

आठव्या दिवशी स्वयंपाकघरातून एवलीनचा आवाज आला. ती कांदा चिरत गुणगुणत होती. पस्तीस वर्षं त्याच्या शेजारी झोपलेली बाई. चुकीचं. तो दारात जाऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं.

"काय?"

"काही नाही."

तो परत येऊन टेबलाशी बसला.

नवव्या दिवशी बयूमी आला. बयूमीचा रोजा होता, म्हणून चहा झाला नाही. तो टेबलावरच्या पेन्सिली मोजत असल्यासारखा बसला.

"मी ऐकलं," तो म्हणाला.

"तिकडे यंत्रावर उचललाय गट. मी लिहिला होता."

"तू लिहिला असणार. मला माहीत आहे." मग म्हणाला, "बाकीच्यांना नाही. स्टुडिओत काय म्हणताहेत सांगू? म्हणताहेत, किलादाचा कान गेला. वय झालं."

"कोण म्हणतं?"

"सगळे. मी भांडलो दोघांशी. ते म्हणाले, मग वर नाव कुणाचं आहे?"

लबीबचा चेहरा कधी लाल होत नसे. त्या दिवशी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. एक्केचाळीस वर्षं त्यानं विनानावाचं काम केलं, आणि या शहरात त्याच्यापाशी एकच गोष्ट होती जी कुणी हिरावून घेतली नव्हती. तो कान. आता त्याच्याच नावानं तो कान गेला होता.

"मी तुला कामावरून काढलं, बयूमी," तो म्हणाला.

"काढलंस."

"तुम्ही वाजवलं असतं तर."

"तर नीट वाजलं असतं. आणि माझी सासू पुन्हा मेली असती." बयूमी उठला. दारात त्यानं लबीबच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लबीब काचेच्या कचेरीत बसला नाही, उभाच राहिला.

"माझं नाव काढ."

नाएलला आधी कळलंच नाही. "उस्ताद, लोक नाव घाला म्हणून माझ्या दारात बसतात."

"चाल ठेव. पैसे परत घे. नाव काढ."

"कशाच्या आधारावर? चॅनेलला काय सांगू? एक स्वर चुकलाय?"

"हो."

"एक?"

"प्रत्येक भागात. ठिकठिकाणी."

नाएलनं घड्याळ बघितलं. मग सुटकेचा रस्ता सापडल्यासारखा म्हणाला, "असं करा. लिहून द्या. कुठे कुठे चुकलंय, नेमकं. तीस भागांचं. मी स्वतः चॅनेलकडे पाठवतो."

म्हाताऱ्याला वाटेला लावण्यासाठी बोलायचं असतं तसं तो बोलला होता. चॅनेलकडे काही जाणार नव्हतं. आपण म्हणालो हेही तो संध्याकाळपर्यंत विसरला असेल. लबीबनं मात्र ते काम समजून घेतलं. कामाला त्यानं आयुष्यात कधी थट्टा मानलं नाही.

त्यानं शाळेच्या मुलांची असते तशी आखीव वही आणली. रोज दुपारी तीनला कालचा भाग पुन्हा लागायचा. झालेले भाग त्यानं भाचीच्या संगणकावर बघितले. सहा रकाने आखले. भाग, मिनिट, सेकंद, कोणता तुकडा, काय लिहिलं होतं, काय ऐकू आलं. शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला तेच लिहावं लागायचं, शुद्ध गंधार. त्यानं कुठेही 'वरीलप्रमाणे' लिहिलं नाही. प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलं. एका भागात एकसष्ट ओळी आहेत. एवलीन म्हणायची, "पुरे आता, डोळे जातील." तो म्हणायचा, "डोळे जाऊ देत."

विसाव्या दिवशी दुपारी, पुनःप्रक्षेपण चालू असताना, तो खुर्चीतच गेला. एवलीनला वाटलं, ऐकतोय.

चर्चमध्ये नाएलच्या कचेरीकडून पुष्पचक्र आलं होतं. त्यावर सोनेरी अक्षरांत लबीबचं नाव होतं, मालिकेचं नाव होतं, आणि मध्ये 'संगीतकार' असं लिहिलं होतं. बयूमीनं ते उचललं आणि दाराबाहेर भिंतीशी पालथं ठेवलं.

मालिका पूर्ण तीस भाग चालली. तीसही दिवस नाव आलं.

वही एवलीनकडे आहे. अठरा भाग पूर्ण आहेत. एकोणिसाव्या भागाच्या चौदा ओळी आहेत. पंधराव्या ओळीत पहिले पाच रकाने भरलेले आहेत. भाग एकोणीस, मिनिट बावीस, सेकंद सात, तुकडा एकतीस, लिहिलं होतं: सिका. सहावा रकाना रिकामा आहे.