मोहगावच्या शाळेसाठी आईचं चित्र

आई मोहगावच्या शाळेत शिकवायची. मी दोन वर्षांची असताना ती गेली. तिचा चेहरा मला ठाऊक आहे तो सौसरला मावशीच्या घरी लावलेल्या रंगीत चित्रातूनच. मला वाढवलं मावशीनंच.

मागच्या वर्षी शाळेत वाचनालयासाठी नवी खोली झाली. आईच्या जुन्या विद्यार्थिनींचा फोन आला, "बाईंचा फोटो द्या, तिथं लावू." फोटो आता उरलाच नव्हता. चित्र मागितलं, तर मावशी म्हणाली, "हे भिंतीवरून हालणार नाही. याच्यासारखं दुसरं काढून घे."

मग पांढुर्ण्याच्या एका पेंटरला सौसरला घेऊन गेले. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून देवळांच्या भिंती आणि माणसांचे चेहरे रंगवतो. चित्रासमोर स्टूल टाकून त्यानं कागदावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या. दुपारपर्यंत चेहरा उतरवला. मग म्हणाला, "ताई, आईचं वय काय होतं?"

"सव्वीस."

"मंग हे हात पाहा बरं. चेहरा जवान हाये, हात नाही. हे दुसऱ्याच कोणाचे हात होय."

मी जवळ गेले. उजव्या हातात पेन, पेरं जाड, शिरा वर आलेल्या. चाळीस वर्षं हे चित्र बघत होते, पण हात असे निरखून कधी पाहिलेच नव्हते.

मावशी चहा घेऊन आली. तिनं कप खाली ठेवले. "माहेच होय," ती म्हणाली. "फोटो होता इवलासा, गळ्यापर्यंतच. तवाचा पेंटर म्हणे, बाकीचं कशावरून काढू? मंग मीच बसली, तिची साडी नेसून. तवा मी रोज कापूस वेचाले जात होती."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"लहानपणी तू पाहुण्याईले सांगत जाय, माझ्या आईचे हात पाहा म्हणून. मी कशाले सांगू?"

"आईचे कसे होते?"

तिला आठवायला वेळ लागला. "बोटं लांब. नखं कुरतडत जाय, मास्तरीण असून!"

पेंटरनं विचारलं, "सांगा ताई, बदलवू का?"

"बदलव," मावशी म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "आहेत तसेच काढा." पेंटर हातांपाशी आला की मावशी येऊन त्याच्या मागं उभी राहायची.

चित्र मोहगावला लागलं तेव्हा तीही आली. सगळ्या विद्यार्थिनी म्हणाल्या, "अगदी बाईच!" एकजण मात्र बराच वेळ पाहत राहिली. "पेन उजव्या हातात कसा?" तिनं विचारलं. "बाई तर डाव्या हातानं लिहत जायच्या."

मी मावशीकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात ठेवला होता.

"अगं हाव नं!" ती म्हणाली. "मी तर भुलूनच गेली होती."

तेव्हापासून सौसरला गेले की मी तिला एकेक गोष्ट विचारत असते. आई हसायची कशी, हे काही अजून तिला नीट सांगता आलेलं नाही.