लाईन गेलीच नव्हती

कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं, त्या वर्षांत आमच्या नेर गावात कॉम्प्युटर क्लासला मात्र बरे दिवस आले होते. घराघरांत बैठकीतच कापसाचा ढीग, भाव येईल म्हणून ठेवलेला, आणि त्याच घरातली पोरं माझ्याकडे माऊस धरायला शिकायची. बियाण्याच्या दुकानावरच्या माडीवर माझा क्लास होता. मला सगळे सर म्हणत. त्या शब्दानं माझं डोकं जरा फिरलं होतं, हे मान्य करायला हवं.

त्या बॅचमध्ये तांड्यावरची एक सून होती. तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची जागा निघणार होती आणि तिला प्रमाणपत्र हवं होतं. पुढच्या परीक्षेपर्यंत ती जागा काही थांबणार नव्हती. ऐन वेचणीत सासऱ्यांनी परीक्षेसाठी एक दिवस मोकळा केला, तोही स्वतः सोबत येऊन. माडीच्या पायरीवर ते सकाळपासून बसून होते.

परीक्षेचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालायचं, आणि माझा एकुलता एक धड कॉम्प्युटर नवा. म्हणून त्याच्या पोटात मी व्हर्च्युअल मशीन बसवली होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, नुसता भासणारा कॉम्प्युटर. त्या आतल्या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका, आणि पोरांचे कॉम्प्युटर वायरीनं त्याला जोडले जाणार. आदल्या दिवशी मी आतून इंटरनेट लावून पाहिलं. पान झटकन उघडलं. झालं काम, म्हणत मी चहाला गेलो. पोरांच्या एखाद्या कॉम्प्युटरवरून आत जाता येतं का, हे बघायचं मला सुचलंच नाही. इंटरनेट चाललं की सगळं चाललं, अशी आमच्याकडे तेव्हा समजूतच होती.

परीक्षेच्या दिवशी सगळ्या पडद्यांवर एकच ओळ आली, सर्व्हर सापडत नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वरून लाईन बंद आहे. येईल थोड्या वेळात."

वरच्या लाईनीचा, म्हणजे इंटरनेटचा, त्या परीक्षेशी काडीचा संबंध नव्हता. पण आमच्याकडे वरून काहीही बंद पडू शकतं, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. उलट पायरीवरून सासरे म्हणाले, "सरचा काय दोष त्याच्यात? वरूनच बंद हाये." मग एका पोरानं माझ्यासाठी चहा आणला. तो मी टेबलावर तसाच ठेवला.

मागच्या खोलीत बॅटऱ्यांच्या आडोशाला उभं राहून मी पुण्यातल्या कॉलेजच्या मित्राला फोन लावला. तो हसला. "नॅटवर ठेवलं असशील. ब्रिज्ड कर." नॅट म्हणजे काय, ते त्यानं सांगितल्यावर मला तांड्यावरचा फोनच आठवला. सून सासऱ्यांच्या मोबाईलवरून मला फोन करायची, पण मी उलट लावला की सासरेच उचलायचे. नॅटवरची मशीन तशीच, तिला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला तिच्यापर्यंत पोचता येत नाही. ब्रिज्ड केलं की तिला स्वतःचा पत्ता मिळतो आणि ती इतर कॉम्प्युटरांच्या पंगतीत येऊन बसते.

ब्रिज्ड केलं, तरी तीच ओळ. वैतागून होस्ट-ओन्ली हा तिसरा पर्याय लावून पाहिला, तर ती मशीन जिच्या पोटात होती त्या माझ्या कॉम्प्युटरशिवाय कोणाशीच बोलेना. मी पुन्हा बाहेर आलो. "येऊन राह्यली लाईन," म्हणालो. एक खोटं पचलं की दुसऱ्याला फार जोर लागत नाही.

सासरे उठले. तांड्याकडची गाडी निघायची वेळ झाली होती. सुनेनं पिशवी उचलली, मला नमस्कार केला आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

ती गेल्यावर मला दिसलं. ब्रिज्ड करताना हा ब्रिज, म्हणजे पूल, कॉम्प्युटरच्या कुठल्या नेटवर्क कार्डावर टाकायचा ते निवडावं लागतं, आणि मी निवडला होता इंटरनेटचा डोंगल. पोरं तर दुसऱ्या कार्डाच्या वायरीवर बसली होती. ते कार्ड निवडलं, मशीनला हातानं पत्ता दिला, आणि पहिल्या पडद्यावर प्रश्नपत्रिका उघडली. मी पोरांना बसायला सांगितलं आणि स्टँडकडे धावलो.

गाडी निघायच्या बेतात होती. खिडकीशी सासरे होते, पलीकडे ती. मी धापा टाकत म्हणालो, "चला, सुरू झालं."

"आली का लाईन? मंग परत जाईल बी," सासरे म्हणाले. "लाईनचा काय भरोसा? याच्यानंतर आमाले गाडी नाई."

त्यांचं बरोबर होतं. माझ्याच थापेनं त्यांनी मला गप्प केलं होतं. गाडीत माझ्या दोन विद्यार्थ्यांचे वडील बसलेले, सगळे कान टवकारून. मी खिडकीचा गज धरला आणि म्हणालो, "लाईन गेलीच नव्हती. माझंच चुकलं होतं. मलाच येत नव्हतं. आता बंद नाही पडणार."

गाडीत कोणीतरी फिसकन हसलं. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, बाईले उतरवता का घंटी मारू?"

सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग सकाळपासून मले पायरीवर काहून बसवून ठेवलं?" एवढं विचारून, उत्तराची वाट न बघता, ते उतरले. तिलाही त्यांनी उतरवलं. क्लासपर्यंतच्या रस्त्यात भेटेल त्याला ते सांगत होते, सरलेच येत नव्हतं म्हणून. मी त्यांच्यामागून मान खाली घालून चालत होतो.

तिनं पेपर सोडवला. सासरे खाली कापसाच्या मेटॅडोरवाल्याशी परतीचं बोलत असताना ती माझ्या टेबलाशी आली.

"मले समजलं होतं, सर," ती हळूच म्हणाली. "तुमच्या कॉम्प्युटरवर नेट चालू दिसून राह्यलं होतं."

"मग बोलल्या का नाहीत तुम्ही?"

"एवढ्या पोरांसमोर तुमाले कसं म्हणू?"

भरल्या गाडीसमोर मी जे भोगलं ते त्या क्षणी फार हलकं वाटलं. माझी अब्रू राखायला ती परीक्षा सोडून घरी निघाली होती, आणि मी तिला जाऊ दिलं होतं. मला तिच्याकडे वर बघवलं नाही.