पवळ्याचं माहेर

सेलूला आमच्या दारावर रोज भाजी घेऊन येणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. टोपली उतरवायच्या आधीच त्या आत डोकावायच्या, "कसा हाय पेशंट?"

पेशंट म्हणजे माझ्या फिशटँकमधलं जिवंत पोवळं. उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलं आणि ते पांढरंफटक पडलं, अंग चोरून बसलं. मी त्याला ड्रॉपरने खाऊ भरवायची. मावशी तोंडाला पदर लावून बघत राहायच्या.

"लय लांबून आणलंय तुमी. इथं त्याचं माणूस न्हाई ना कुणी. कसं करमंल?"

एका सकाळी त्याची इवली बोटं पुन्हा उमलली, अंगावर रंग चढला. मी मावशींना हाताला धरून आत नेलं. त्या वाकल्या, खुदकन हसल्या आणि मंगळसूत्रातलं लाल पवळं चिमटीत धरून त्यांनी काचेला टेकवलं.

"घे, आलं तुझं माणूस!"

दोन्हींची जात वेगळी, हे मला माहीत होतं. पण सांगतंय कोण?

मग माझ्याकडे वळून त्यांनी पदर पुढे केला.

"बाई, माझं पवळं पहिल्यांदाच माहेरी आलंय. ओटी भरा की!"

मी तांदळाच्या डब्याकडे पळाले.